सौंसरचा काळा दगड आणि बिडाची माउली

नागपूरहून उत्तरेकडे निघालेला रस्ता सावनेरला पोहोचला की त्याला दोन फाटे फुटतात. डावीकडचा पांढुर्ण्यावरून बैतूलकडे जातो; उजवीकडचा सौंसरवरून छिंदवाड्याचा घाट चढतो. कोणत्याही वाटेने गेले तरी थोड्याच वेळात महाराष्ट्राची सीमा मागे पडते. परंतु ती मागे पडल्याचे प्रवाशाला कळते ते केवळ फलकांवरील हिंदीमुळे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा तशाच चालू राहतात, काळ्या रानात कपाशी तशीच डोलत असते, आणि बांधावर बसून न्याहारी करणाऱ्या माणसांचे बोलणे नागपुरी वळणाचे मराठीच असते. एके काळी नागपूर ही मध्यप्रांत व वऱ्हाडाची राजधानी होती. १९५६ साली भाषेनुसार राज्ये नव्याने आखली गेली, विदर्भाचे आठ जिल्हे तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले, आणि पांढुर्णा-सौंसर मात्र छिंदवाडा जिल्ह्याबरोबर मध्य प्रदेशात राहिले. २०२३ साली या दोन तहसिली छिंदवाड्यापासून वेगळ्या होऊन त्यांचा पांढुर्णा जिल्हा झाला. राज्यकर्त्यांच्या नकाशावर रेषा अशा बदलत गेल्या. घरातील बोली मात्र बदलली नाही.

पांढुर्ण्याचे नाव बाहेरच्या जगात गाजते ते दगडांमुळे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा बांधतात. एका तीरावर पांढुर्ण्याचे लोक, दुसऱ्या तीरावर सावरगावचे. आणि मधला झेंडा हस्तगत करण्यासाठी दोन्हीकडून दगडांचा वर्षाव सुरू होतो. ही गोटमार. पांढुर्ण्याचा एक तरुण आणि सावरगावची एक मुलगी यांच्या प्रेमाची करुण दंतकथा तिच्यामागे सांगतात. खेळ संपला की झेंडा चंडीमातेला अर्पण होतो आणि दोन्ही गावे पुन्हा पूर्ववत् नांदू लागतात. तथापि दरवर्षी शेकडो माणसे जखमी होतात, आजवर कित्येकांचे प्राणही गेले आहेत. दगडांऐवजी रबरी चेंडू द्यावेत, असाही प्रयत्न सरकारने करून पाहिला. पण तो रुजला नाही.

याच भूमीत दुसराही एक दगड आहे. त्याचा गाजावाजा नाही, परंतु त्याचे नाव भूगर्भशास्त्राच्या ग्रंथांतून सर्व जगात पोहोचले आहे. सौंसरच्या आसपास, आणि तेथून पूर्वेकडे नागपूर, भंडारा व बालाघाट जिल्ह्यांतून सुमारे २०० किलोमीटर पसरलेल्या अतिप्राचीन खडकांच्या पट्ट्याला शास्त्रज्ञ ‘सौंसर समूह’ असे म्हणतात. त्यात मँगनीजचे काळे, जड, हाताला काजळीसारखा डाग लावणारे खनिज सापडते. विसाव्या शतकाच्या आरंभी भारतीय भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या लुईस लेई फर्मर या विद्वानाने हा सारा मुलूख पायांखाली घातला आणि १९०९ साली हिंदुस्थानातील मँगनीजवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. येथील एका मँगनीजयुक्त खडकाला त्याने गोंड बांधवांच्या नावावरून ‘गोंडाइट’ असे नाव दिले, आणि छिंदवाडा जिल्ह्यातील सीतापार या गावावरून एका खनिजाला ‘सीतापाराइट’ म्हटले. पुढे ते खनिज आधीच माहीत असलेल्या बिक्सबाइटहून निराळे नाही असे ठरले, आणि सीतापारचे नाव शास्त्रीय यादीतून गळाले. गोंडाइट मात्र आजही टिकून आहे.

या काळ्या दगडाचे काय करतात? त्याचा बहुतेक भाग पोलाद बनविण्याकडे जातो, आणि काही ओतीव लोखंडाकडे. ओतीव लोखंड म्हणजे बीड. आपल्या स्वयंपाकघरातील बिडाचा तवा आणि आप्पेपात्र आठवावे, म्हणजे हा धातू सर्व गृहिणींच्या ओळखीचा आहे हे ध्यानात येईल. शुद्ध लोखंड वितळण्यास १,५०० अंशांहून अधिक उष्णता लागते. त्यात शेकडा तीन-चार भाग कार्बन मिसळला की तोच धातू सुमारे १,२०० अंशांवर पाण्यासारखा पातळ होतो आणि साच्याच्या कानाकोपऱ्यांत शिरतो. परंतु दगडी कोळशाच्या कोकवर लोखंड वितळविताना कोकमधील गंधक त्यात उतरते, आणि गंधकाने बीड काचेसारखे कडक व ठिसूळ होते. मँगनीज त्या गंधकाला आपल्याशी बांधून घेते आणि त्याचा दोष हरते. स्वतः पुढे न येता दुसऱ्याचा दोष झाकणारी माणसे संसारात असतात. धातूंच्या संसारात ते काम मँगनीजकडे आले आहे.

बिडाला फारसा मान नाही. सोने-रुपे राहो, पण पितळ आणि कासे यांच्याही पंक्तीला त्याला कोणी बसवीत नाही. ते काळे, खरखरीत, पावसात गंजणारे, आणि उंचावरून पडले तर तडकणारे. देवळासाठी किंवा राजवाड्यासाठी मूर्ती घडवायची तर ती संगमरवराची किंवा काशाची, असा जगाचा शिरस्ता होता. तो शिरस्ता ज्या देशाने मोठ्या प्रमाणावर मोडला, तो देश म्हणजे फ्रान्स. आपल्या भागाचा त्या देशाशी एक जुना संबंध आहे. नागपूर-कामठीच्या मुलुखात कॅथलिक धर्मसेवेचे कार्य ज्यांनी उभारले, ते संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या नावाचे मिशनरी आल्प्स पर्वताच्या कुशीतील ॲनसी या नगरातून आले. फादर पिएर-मारी मेर्मिए यांनी १८३८ साली तेथे त्यांचा संघ स्थापिला. १८४५ साली त्यांची पहिली तुकडी हिंदुस्थानाकडे निघाली, आणि विशाखापट्टणहून त्यांचे कार्य नागपूरपर्यंत पसरले. १८८७ साली नागपूरचा धर्मप्रांत झाला. ॲनसी ज्या सव्हॉय प्रांतात आहे, तो १८६० साली फ्रान्सला जोडला गेला. त्याच वर्षी फ्रान्समध्ये घडलेली एक गोष्ट या लेखात पुढे यावयाची आहे.

फ्रान्सच्या ईशान्येस ओत-मार्न नावाचा जिल्हा आहे. लोखंडाचे खनिज, भट्टीसाठी जंगलातील लाकूड, आणि पाते फिरविण्यासाठी नद्यांचे पाणी या तिन्ही गोष्टी तेथे जवळजवळ होत्या. त्यामुळे कित्येक शतके तेथील खेडुतांचा तोच धंदा होता. १८३५ च्या सुमारास व्हिक्तोर आंद्रे या गृहस्थाने तेथील वाल द’ओन या खोऱ्यात ओतशाळा काढली. शेगड्या आणि नळ ओतण्यात सारे समाधान मानू नये, बिडातून माणसाची आकृतीही उमटवावी, असा त्याने ध्यास घेतला. जवळच सोमव्हार या गावी आंत्वान द्युरेन याची ओतशाळा नावारूपास आली. मात्युरँ मोरोसारखे नामांकित शिल्पकार या कारखान्यांसाठी मूर्ती घडवू लागले, आणि लंडन व पॅरिस येथील मोठमोठ्या प्रदर्शनांतून ओत-मार्नची कीर्ती देशोदेशी गेली. दक्षिण अमेरिकेतील शहरांच्या चौकांतून आजही तेथील कारंजी व मूर्ती उभ्या आहेत.

मूर्ती ओतण्याची रीत समजून घेण्याजोगी आहे. प्रथम शिल्पकार मातीची आकृती करी. तीवरून प्लास्टरचा नमुना निघे. तो नमुना भागाभागांनी अलग करून प्रत्येक भागाचा ठसा ओलसर, बारीक रेतीत उठवीत. मूर्ती भरीव नसे. साच्याच्या आत रेतीचाच एक गाभा बसवीत, आणि साचा व गाभा यांच्यामध्ये राहिलेल्या अरुंद पोकळीत तांबडालाल रस ओतीत. रस थिजला की रेती झाडून टाकायची, कडा छिन्नीने साफ करायच्या, आणि हात, धड, वस्त्रांच्या चुण्या हे सारे भाग आतून बोल्टांनी एकत्र जोडायचे. सांधे बुजवून वर रंगाचे थर दिले म्हणजे मूर्ती तयार. रेतीचा साचा एकदाच उपयोगी पडे. पण मूळ नमुना जपून ठेवला तर त्यावरून हव्या तितक्या मूर्ती काढता येत. द्युरेनच्या ओतशाळेचे असे जुने नमुने सोमव्हार येथे एका इमारतीत सांभाळून ठेवले आहेत. संत, देवदूत, सिंह, अप्सरा सारे तेथे दाटीने उभे आहेत, आणि त्या इमारतीला गावकरी ‘पाराडी’ म्हणजे स्वर्ग असे म्हणतात.

या रीतीमुळे एक सामाजिक क्रांतीच झाली. काशाच्या पुतळ्याचा खर्च मोठ्या शहरांनाच पेलत असे. बिडाची मूर्ती तिच्या मानाने पुष्कळ स्वस्त पडे, आणि कारखान्यांच्या छापील चित्रसूचीतून क्रमांक पाहून ती मागविता येई. १८५४ साली पवित्र मरियेच्या निष्कलंक गर्भसंभवाचा सिद्धांत जाहीर झाला, १८५८ साली लूर्दची दर्शने घडली, आणि फ्रान्समधील लहानलहान धर्मग्रामांनाही वाटू लागले की आपल्या टेकडीवर, आपल्या चौकात देवमातेची मूर्ती असावी. शेतकरी आणि गवळी यांच्या वर्गणीतून अशा मूर्ती उभ्या राहिल्या. सर्वत्र तोच चेहरा, तेच जोडलेले हात, म्हणून कलेचे जाणकार नाक मुरडीत. त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. परंतु गावातील म्हातारीला आपली मूर्ती शेजारच्या गावातल्यासारखीच आहे याचे दुःख होण्याचे कारण नव्हते. तिला ती आपल्या दाराशी हवी होती, आणि तेथे ती आली होती.

आता १८६० सालची गोष्ट. दक्षिण फ्रान्समधील ल पुई हे प्राचीन तीर्थक्षेत्र. स्पेनमधील संत याकोबाच्या समाधीकडे जाणारी यात्रेची एक मोठी वाट येथूनच सुरू होते. नगराच्या मधोमध कोर्नेय नावाचा ज्वालामुखीचा सुळका आहे. त्यावर देवमातेची भव्य मूर्ती उभारावी असे ठरले. बोनासिय या शिल्पकाराची आकृती निवडली गेली. शाळकरी मुलांपासून सर्वांकडून वर्गणी जमू लागली. पण एवढे लोखंड कोठून आणायचे? त्या वेळी क्रिमियाचे युद्ध चालू होते, आणि फ्रेंच सैन्य सेवास्तोपोलला वेढा घालून बसले होते. तेथे शत्रूच्या तोफा हाती आल्या तर त्या मूर्तीसाठी द्याव्यात, अशी विनंती बादशहा तिसऱ्या नेपोलियनकडे गेली. १८५५ च्या सप्टेंबरात सेवास्तोपोल पडले. २१३ तोफा ल पुईच्या वाट्याला आल्या. त्या वितळवून जिव्होर येथील ओतशाळेत मूर्तीचे भाग ओतले गेले, आणि १२ सप्टेंबर १८६० रोजी मोठ्या जनसमुदायासमोर तिचे अनावरण झाले. मूर्तीची उंची १६ मीटर, वजन ८३५ टन. देवमातेच्या कडेवर बाळ येशू आहे, आणि तो उजवा हात उचलून खालच्या नगराला आशीर्वाद देत आहे. मूर्ती आतून पोकळ असून तिच्यातील जिन्याने वर जाता येते.

ज्या लोखंडातून काल आग बाहेर पडत होती, त्याच लोखंडाचा आज एका मातेचा पदर झाला. तलवारी मोडून नांगराचे फाळ होतील असे यशया संदेष्ट्याने म्हटले होते. येथे युद्ध थांबले असे नव्हे. पुढच्या साठ वर्षांत त्याच फ्रान्सने आणखी भयंकर युद्धे पाहिली. तरीही त्या २१३ तोफा पुन्हा डागल्या गेल्या नाहीत, एवढे तर खरे. आपल्या महाराष्ट्रातही बिडाचा असाच एक सदुपयोग झाला. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ च्या सुमारास बेळगावी लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होईल या भीतीने शेतकरी तो घेईनात. पुढे त्याच नांगराने दक्षिण महाराष्ट्रातील कितीतरी कठीण रान मोकळे केले.

पॅरिसमध्ये बिडाने आणखी एक सेवा केली. १८७०-७१ च्या वेढ्यात आणि त्यानंतरच्या यादवीत त्या शहराची दैना झाली. पाण्याचे नळ फुटले, आणि गरिबाला पिण्याचे स्वच्छ पाणीही महाग झाले. तेव्हा पॅरिसमध्ये राहणाऱ्या रिचर्ड वॉलेस या धनवान इंग्रजाने ५० कारंजी स्वखर्चाने बसवून देण्याचे ठरविले. शार्ल-ऑग्युस्त लबूर या शिल्पकाराने त्यांच्यासाठी चार स्त्रियांच्या आकृती केल्या. सौजन्य, साधेपणा, परोपकार आणि संयम अशी त्यांची नावे. चौघी मिळून डोक्यावर एक छत्री तोलतात आणि तिच्या खाली पाण्याची धार पडते. वाल द’ओनच्या ओतशाळेत ही कारंजी ओतली गेली आणि १८७२ पासून रस्त्यांवर उभी राहिली. हमाल, मोलकरीण, शाळेतले मूल, कोणीही यावे आणि फुकट पाणी प्यावे. आपल्याकडील पाणपोईचाच हा भाऊ. पॅरिसमध्ये अशी कारंजी आजही पाहावयास मिळतात.

फ्रान्समधील या मूर्तींनी पुढे कठीण दिवस पाहिले. १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी सहा खंडांच्या सहा स्त्रीमूर्ती ओतल्या होत्या. त्यांतील आशियाची मूर्ती फाल्गिएर या शिल्पकाराची. बीड असूनही त्यांना सोन्याचा मुलामा दिलेला होता. पुढे ज्या राजवाड्यासमोर त्या उभ्या होत्या तोच पाडला गेला, आणि त्या भटकत भटकत नांत शहराच्या कचराभूमीवर जाऊन पडल्या. विसाव्या शतकाच्या अखेरीस कोणाला तरी त्यांची आठवण झाली, आणि आज त्या पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयासमोर पुन्हा ओळीने उभ्या आहेत. याहून विलक्षण गोष्ट दुसऱ्या महायुद्धातील आहे. ११ ऑक्टोबर १९४१ रोजी फ्रान्सच्या तत्कालीन सरकारने कायदा करून तांबेमिश्रित धातूंचे सार्वजनिक पुतळे काढून वितळविण्याचा हुकूम दिला. कवी, सेनापती, शास्त्रज्ञ यांचे शेकडो काशाचे पुतळे त्यात नाहीसे झाले. बिडाच्या मूर्तींत तांबे नव्हते, म्हणून त्यांच्याकडे कोणी पाहिले नाही. ज्या हलकेपणासाठी बिडाला कमी लेखले, त्या हलकेपणानेच त्याला वाचविले.

आपल्या राज्यात या जातीचे शिल्प पाहावयाचे असेल तर मुंबईला भायखळ्यास जावे. तेथील ‘खडा पारशी’ हे बिडाचे स्मारक फ्रेंच नव्हे, इंग्लंडमधील कोलब्रुकडेल ओतशाळेचे. शिल्पकार जॉन बेल. माणेकजी कर्सेटजी यांनी आपले वडील कर्सेटजी माणेकजी यांच्या स्मरणार्थ १८६० च्या दशकात ते उभारले. उंच स्तंभावर पारशी गृहस्थ उभे आहेत आणि तळाशी चार जलकन्या दिवे धरून बसल्या आहेत. उड्डाणपुलाच्या दोन शाखांमध्ये सापडून हे स्मारक कित्येक वर्षे धूर आणि गंज सोशीत होते. २०१४ साली महापालिकेने त्याचा जीर्णोद्धार केला. धोबी तलावाच्या चौकातील १८६७ सालचा फिट्झजेराल्ड दीपस्तंभ व कारंजे हेही बिडाचेच. १९६० च्या दशकात वाहतुकीसाठी ते उखडले गेले आणि पुष्कळ वर्षे राणीच्या बागेतील संग्रहालयाच्या आवारात राहिले. अलीकडे ते पुन्हा आपल्या जागी आले आहे. नगरे जे टाकून देतात ते कधीकधी पुन्हा शोधतात. मात्र तोवर ते भंगारात गेलेले नसावे लागते.

हा मुद्दा आपल्या गावांनाही लागू आहे. जुन्या चर्चमधील गोल जिना, माळ्याचे कठडे, दफनभूमीतील क्रूस, फाटकावरचा देवदूत यांपैकी पुष्कळ वस्तू बिडाच्या असू शकतात. चुंबक लावून पाहावा. काशाला किंवा पितळेला तो चिकटत नाही, बिडाला चिकटतो. तळाशी किंवा मागील बाजूस ओतशाळेचे नाव कोरलेले आहे का ते पाहावे. रंगाच्या जाड थरांखाली ते झाकलेले असते. बिडाचा खरा शत्रू आत साठलेले पाणी. सांध्यातून ते शिरते, आतून गंज फुगतो, आणि एके दिवशी मूर्तीचा खांदा फुटतो. म्हणून तळाची छिद्रे मोकळी ठेवावीत, सांधे वेळच्या वेळी बुजवावेत, सुटा गंज खरवडून आधी गंजरोधक लेप आणि मग रंग द्यावा. पोकळ मूर्तीत सिमेंट भरून ती ‘मजबूत’ करण्याचा मोह टाळावा, कारण त्याने पाणी आत कोंडले जाते. तडा गेला तर रस्त्यावरच्या वेल्डरकडे नेण्यापूर्वी बिडाचे काम जाणणारा कारागीर शोधावा. साध्या जोडकामाच्या आचेने तडा वाढतो. आणि जुन्या वस्तू भंगारवाल्याच्या काट्यावर चढविण्यापूर्वी फादरांना व गावातील वडीलधाऱ्यांना एकदा विचारावे. काट्यावर सारे लोखंड सारखेच. त्यासाठी कोणी धान्य विकून वर्गणी दिली होती, हे काटा सांगत नाही.

सौंसरच्या खाणीतील काळा दगड ल पुईच्या मूर्तीत नाही. ती उभी राहिली तेव्हा येथील खाणी सुरूही झालेल्या नव्हत्या. आज तो दगड भट्टीकडे जातो, आणि त्याने सुधारलेल्या धातूतून रेल्वेचा रूळ होतो, बंदुकीची नळी होते, पंपाचा दट्ट्याही होतो. त्यांपैकी काय व्हावे हे दगडाच्या हाती नसते. ते साचा करणाऱ्याच्या हाती असते. जाम नदीच्या दोन्ही तीरांवरील मुलेही उद्या कोणत्या साच्यातून बाहेर पडणार, हे त्यांच्या घरातील वडीलधाऱ्यांनीच ठरवायचे आहे.